लांबची लेन्स

पाडवा झाला की महाद्वार रोडला बायका दवणा घेऊन बसू लागतात. ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या जुड्या, वर पाण्याचा शिपका. त्या वासाचं नेमकं वर्णन मला आजवर जमलेलं नाही. गोड म्हणावा तर घशात तुरट उतरतो, आणि देवाचा म्हणावा तर त्यात उन्हाची, मातीची, घामेजल्या माणसांची सगळी गिचमीड असते. कोल्हापुरात चैत्र डोळ्यांच्या आधी नाकाला कळतो. मग हळूहळू बाकीचं येतं. दुकानांच्या पायऱ्यांवर गुलालाची पोती उभी राहतात, संध्याकाळी तालमींतून हलगी कडाडायला लागते, स्टँडवर जोतिबाच्या जादा गाड्यांच्या पाट्या लागतात. लोकांना या दिवसांत हुरूप येतो. मला मात्र हे दिवस जड जातात, आणि इतकी वर्षं झाली तरी ते काही हलके होत नाहीत.

परवा नातू फोनवर कुणाच्या तरी लग्नातला फोटो दाखवत होता. दोन बोटं काचेवर ठेवून त्यानं ती फाकवली, आणि मागच्या रांगेतला माणूस एकदम पुढ्यात आला. मी म्हटलं, बाबा रे, तू आत्ता दोन बोटांनी जे केलंस ना, तेवढ्यासाठी मी एका चैत्रात चालतं दुकान पणाला लावलं होतं. त्याला वाटलं, म्हातारा फेकतोय. मी फेकतो असं आमच्या घरात सगळ्यांचं मत आहेच. त्यामुळं मी विषय सोडून दिला, पण तो चैत्र काही डोक्यातून जाईना.

सत्तरच्या दशकाचा मध्य असेल. गंगावेशीजवळच्या एका बोळात आमचं घर. त्याच्या पुढच्या दोन खणांपैकी एकात वडिलांचं, म्हणजे आण्णांचं, सायकलचं दुकान आणि दुसऱ्यात माझा फोटो स्टुडिओ. स्टुडिओ म्हणायचं आपलं. मागं रंगवलेला पडदा, पुढं स्टूल, वर दोन दिवे आणि कोपऱ्यात कंगवा टांगलेला आरसा. कॅमेरा रशियन बनावटीचा, कुणाकडून तरी मुंबईहून आणवलेला. त्याच्याबरोबर आलेली मूळ लेन्स आमच्या पावसाळ्यांनी खाल्ली, तिच्या काचेवर बुरशीची जाळी धरली. उरली होती एकच, पस्तीसची वाइड लेन्स. तीच माझी रोजीरोटी होती. वाइड लेन्सचा गुण असा, की जागा कितीही अडचणीची असो, सगळी माणसं मावतात. तेव्हा लग्नं दारातच व्हायची. मांडव घराच्या भिंतीला खेटलेला, मागं सरकावं तर पाठ गोठ्याला लागायची. तशात अख्खी भावकी एका फोटोत यायला पाहिजे, आणि एखाद्या आत्याचा नुसता पदर जरी कापला गेला, तरी ती वर्षभर बोलायची नाही. माझ्या फोटोत कुणी कापलं जात नसे. लगीनसराईत मला श्वास घ्यायला फुरसत नसायची ती त्यामुळंच.

सदा माझा धाकटा भाऊ. एकोणीस-वीसचा. आण्णांच्या हाताखाली पंक्चर काढायचा, पण जीव सगळा काठीत. ज्यांनी जोतिबाची यात्रा पाहिलेली नाही त्यांच्यासाठी सांगतो. गावोगावचे लोक उंचच उंच बांबू रंगीत कापडानं मढवतात, शेंड्याला निशाण आणि तुरा बांधतात. तीच सासनकाठी. ती घेऊन चालत डोंगरावर जायचं. चारी बाजूंनी दोर धरलेले असतात, आणि एकजण काठीचा बुंधा कमरेच्या पट्ट्यात पेलून हलगीच्या तालावर नाचतो. त्याचे पाय बघावेत की वर आभाळात डुलणारा तुरा बघावा, कळत नाही. सदाला दुसरं काही येत नव्हतं असं आण्णा म्हणायचे. दुसरं काही नको होतं, हे खरं. आदल्या वर्षी यात्रा उरकून तो घरी आला तो तब्बल आठवड्यानं, पाय सोललेले, आवाज बसलेला, केसांत अजून गुलाल. दुकानात गिऱ्हाइकं उभी होती. आण्णांनी त्यांच्यादेखत त्याला नको नको ते बोलून घेतलं, आणि शेवटी म्हणाले, "जा, तुझा जोतिबाच घालू दे तुला जेवायला." सदानं हातातला पाना खाली ठेवला आणि तो निघून गेला. रागानं गेलेलं पोर, संध्याकाळी येईल असं आम्हाला वाटलं. तो आलाच नाही.

घरातलं एक माणूस मेलं तर त्याचं रडं असतं, तेराव्यापर्यंत लोक येतात, मग दिवस पुढं सरकतात. निघून गेलेल्या माणसाचं तसं नसतं. आई रडायची नाही. ती स्टुडिओत येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला गाव विचारायची. कुणी राधानगरीकडचा निघाला, कुणी कागलकडचा, की ती स्टुलाशेजारी उभी राहून त्याच्या गावच्या काठीची चौकशी करायची. काठी पेलायला यंदा नवीन पोरगा आलाय का, गोरासा, शिडशिडीत. समोरचा माणूस केस विंचरून, श्वास रोखून बसलेला, आणि ही मधेच त्याला बोलतं करायची. माझे कित्येक फोटो हलले. मी चिडायचो नाही. नुसता दुसरा फोटो घ्यायचो.

फाल्गुनात गारगोटीच्या मावशीचा निरोप आला. तिकडच्या एका गुऱ्हाळावर सदासारखा पोरगा चुलीत जळण घालायला आहे. आण्णांनी दुकान उघडं टाकलं आणि मिळेल ती गाडी धरली. पुढचं सगळं आम्हाला तिथं गूळ शिजवणाऱ्या गुळव्याकडून कळलं, कारण आण्णा त्यातलं एक अक्षर बोलले नाहीत. तो सदाच होता. बांधावरून येणारी आण्णांची पांढरी टोपी त्यानं लांबूनच ओळखली, हातातलं चिपाड टाकलं आणि मागच्या उसात शिरला. उभा ऊस माणसाला कसा गिळतो हे आमच्याकडं सांगायला लागत नाही. दोन सऱ्या ओलांडल्या की पाला मागून मिटतो. आण्णा दिवस मावळेपर्यंत त्या उसाच्या कडेनं फिरत हाका मारत होते. आम्हाला ते कधी आवाज चढवल्याशिवाय हाक मारायचे नाहीत, आणि गुळवा म्हणाला, म्हाताऱ्याचा आवाज पार पडला होता. ते परत आले तेव्हा त्यांच्या धोतराला काकवीचे डाग होते आणि दोन्ही हातांवर उसाच्या पात्यांनी चिरलेलं होतं.

तेव्हा मला कळून चुकलं की सदाच्या जवळ जाता येणार नाही. जवळ गेलो की तो निसटणार. त्याला लांबूनच गाठला पाहिजे. आणि चैत्री पौर्णिमेला तो कुठं असणार हे तर शेंबडं पोरही सांगेल. कुठल्या ना कुठल्या गावची काठी धरून तो डोंगरावर येणारच होता. पण लाखांच्या त्या गर्दीत एका माणसाला डोळ्यांनी हुडकायचं म्हणजे परातभर मोहरीत हरवलेला राजगिऱ्याचा दाणा शोधायचा. त्यावर मला एक तोड सुचली, आणि एकदा सुचल्यावर तिनं माझी झोप उडवली. लांबचं जवळ आणणारी लेन्स मिळाली तर मी वरून, कुणाच्या नजरेत न येता, काठ्यांभोवतीच्या पोरांचे फोटो घेईन. घरी आणून एकेक चेहरा मोठा करून बघू. सदा सापडला की तो कुठल्या गावच्या काठीबरोबर आहे ते कळेल. मग त्या गावच्या वडीलधाऱ्यांना मध्ये घालून, गोडीगुलाबीनं, आण्णांना मागं ठेवून त्याला घरी आणायचा. इतकं सरळ होतं ते सगळं माझ्या डोक्यात.

अशी लेन्स माझ्या ओळखीत एकाच माणसाकडं होती. दस्तगीरभाई बिंदू चौकाच्या अलीकडं राहायचे, माझ्यापेक्षा वीसेक वर्षांनी मोठे. कुस्तीच्या मैदानात पैलवानांचे फोटो काढण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. हौद्यापासून लांब बसून ते पैलवानाच्या कपाळावरचा घामाचा थेंब टिपायचे, तो दोनशेच्या टेली लेन्सनं. अलीकडं त्यांचे गुडघे धरले होते, मैदानात तासन्तास उकिडवं बसणं होत नव्हतं. मी जाऊन लेन्स आठवडाभरासाठी उसनी मागितली. कशाला, कुठं नेणार, ते सगळं सांगितलं. मी सांगत असतानाच त्यांनी आतून पाणी मागवलं.

"जोतिबाला न्हेणार म्हणतोस, मग उसनी न्हाय देणार," ते म्हणाले. "गुलाल एकदा आत शिरला की खुद्द बनवणाऱ्याला बी निघत न्हाय. तू परत आणून देशील, मला ती नको हुईल, आणि उद्यापास्नं आपण दोघं एकमेकाला बघून रस्ता बदलणार. त्यापरास बदली कर. तुझी वाइड मला, माझी टेली तुला. मग तिचं तू काय बी कर."

लगीनसराई तोंडावर आली होती. मी लग्नांच्या सुपाऱ्या, म्हणजे आगाऊ ठरलेली कामं, घेऊन बसलो होतो. वाइड लेन्सशिवाय मी मांडवात जाऊन काय करणार, हे त्यांना माझ्याइतकंच माहीत होतं.  टेबलावर धुतलेला रुमाल अंथरताना दस्तगीरभाई म्हणाले, "मला इच्यारशील तर देऊ नगंस, वसंता. पर तू देणारच की."

आम्ही दोघांनी आपापल्या लेन्स कॅमेऱ्यातून फिरवून सोडवल्या. दोन्हींचे आटे एकच, त्यामुळं माझी त्यांच्या कॅमेऱ्यात गपकन बसली. माझी लेन्स मुठीत मावणारी, हलकी, कडेला रंग उडून पितळ दिसायला लागलेली. त्यांची हातभर नसली तरी वीतभर लांब, वजनानं वरवंट्यासारखी. पहिल्यांदा डोळ्याला लावली तर समोरच्या माडीवर वाळत घातलेल्या लुगड्याचा रफू दिसला. मला भरून आलं. वाटलं, हीच ती. हिच्यातनं सदा आता कुठं जातोय. घरी येताना मी ती शर्टाच्या आत, पोटाशी धरून आणली.

त्यानंतरच्या दिवसांची आठवण आली की आता हसू येतं. तेव्हा मात्र जीव रडकुंडीला आला होता. लांबची लेन्स माझ्या खोलीत चालेना. गिऱ्हाईक स्टुलावर बसवावं तर काचेत नुसतं नाक. शेवटी मी कॅमेरा घेऊन बोळ ओलांडायचो आणि समोरच्या कट्ट्यावर उभा राहायचो. गिऱ्हाईक आत स्टुलावर, दार सताड उघडं, आणि मधून सायकली, म्हशी, पाण्याच्या घागरी. हनुवटी वर करा, असं मी रस्त्यापलीकडून ओरडायचो. जाणारा-येणारा थांबायचा. "काय पावणं, वाघाचा फोटू काढताय व्हय?" असं एकानं विचारलं आणि अख्खा बोळ हसला. लग्नाच्या सुपाऱ्या मी एकेक करून दस्तगीरभाईंकडं पाठवल्या. लोक नाराज झाले, दोघातिघांनी तोंडावर सांगितलं की परत तुमची पायरी चढणार नाही. आणि त्यांच्याच मांडवात मी दस्तगीरभाईंच्या मागं फ्लॅशचा दांडा धरून उभा राहिलो, कारण घरात काहीतरी यायला हवं होतं. माझ्याच लेन्सनं ते माझ्याच गिऱ्हाइकांचे फोटो काढत होते. सगळी भावकी मावत होती. दस्तगीरभाई माझ्याकडं वळून बघायचे नाहीत, हा त्यांचा चांगुलपणा.

पौर्णिमेच्या आदल्या दिवशीच मी डोंगरावर गेलो. दर यात्रेला आम्ही ज्यांच्याकडं उतरायचो, त्या पुजाऱ्यांच्या घराची गच्ची देवळाच्या आवाराकडं तोंड करून होती. तिथं कठड्याला वाळूची पिशवी ठेवून मी लेन्स टेकवली. वर आईच्या जुन्या लुगड्याचं ओलं फडकं गुंडाळलं. सकाळी पहिली काठी कमानीतून आत आली, चांगभलंचा गजर उठला, आणि मी डोळा लावला.

काय सांगू. ज्या गोष्टीचा मी महिनाभर विचार केला, त्यातली सगळ्यात साधी गोष्ट माझ्या ध्यानातच आली नव्हती. जन्मल्यापासून दर वर्षी मी ही यात्रा पाहिलेली. आमच्या घरी चैत्रात कुणी पांढरं कापड घालत नाही. न्हाणीची फरशी आषाढापर्यंत गुलाबी राहते. आणि तरी मला सुचलं नाही, की त्या दिवशी डोंगरावर कुणालाच चेहरा नसतो. लोक ओंजळी भरभरून गुलाल उधळत होते, त्यातून खोबऱ्याचे तुकडे टणाटण उडत होते. खाली जिकडं बघावं तिकडं गुलाबी कपाळं, गुलाबी मिशा, गुलाबी पापण्या. लेन्स प्रत्येकाला माझ्या हाताच्या अंतरावर आणत होती, आणि प्रत्येकजण सारखाच होता. म्हातारा कोण, तरणा कोण, हे दातांवरून ओळखायचं. माझ्याकडं होते काळे-पांढरे रोल, म्हणजे त्यात हे सगळे राखाडी होऊन येणार.

मी तरी काढत राहिलो. दुसरं काय करणार होतो? शिडशिडीत दिसला की दाब, पट्टा कमरेला दिसला की दाब. वारा फिरला तसा गुलालाचा लोट गच्चीवर आला. फडकं सुकलं होतं. लेन्सच्या फिरत्या कड्यात कण शिरले आणि ती फिरवताना दातांखाली वाळू आल्यासारखं करकरू लागली. हलगीनं कान बधिर झाले होते. मी एक डोळा मिटून, एका डोळ्यानं रडत होतो. लेन्समधलं सगळं पाण्याखाली गेल्यासारखं दिसायला लागलं, तेव्हा मला कळलं की मी रडतोय. सदा, अरे कुठायस, असं मी मोठ्यानं म्हणत होतो, आणि शेजारी उभ्या असलेल्या पुजाऱ्यांनासुद्धा ते ऐकू येत नव्हतं. जोतिबावर माझा तेव्हा फार राग होता. आमचं पोर घेतलंयस तर निदान त्याचं तोंड तरी दाखव, असं मी त्याला सुनावलं. रोल संपले, तेव्हा पालखी अजून निघायची होती.

घरी आल्यावर दुसरीच पंचाईत. रोल धुवायचं पाणी. चैत्रातलं नळाचं पाणी हाताला चटका देत होतं, आणि तसल्या पाण्यात फिल्मवरचा थर मऊ पडून साईसारखा निघून येतो. संध्याकाळपर्यंत थांबावं तरी घर भट्टीसारखं तापलेलं. मी माजघरात खिडक्यांना घोंगड्या ठोकत होतो आणि आईला हे सांगत होतो. आण्णा पुढं दुकानात होते. वर्षभरात सदाचं नाव त्यांच्या तोंडून निघालं नव्हतं. लेन्सच्या बदलीबद्दल कळलं तेव्हाही ते नुसतं हं म्हणाले होते. थोड्या वेळानं ते घामाघूम होऊन मागच्या दारानं आत आले. सायकलच्या कॅरिअरला भुशात आणि गोणपाटात बांधलेली बर्फाची लादी होती. ती त्यांनी स्वतः उतरवली, दगडानं फोडली, आणि मी सांगेन तसे तुकडे बादलीत घालत अंधारात बसून राहिले. पाणी किती गार हवं ते मी बोट घालून बघायचो, तेही बोट घालून बघायचे. आमची बोटं पाण्यात एकमेकांना लागत होती.

दुसऱ्या दिवशी फोटो छापायला घेतले तेव्हा आण्णा कोपऱ्यात येऊन बसले, आणि मग आईही आत आली. मी फोटो छापत असताना ती याआधी कधी आत आली नव्हती. लाल दिव्याखाली ट्रेमध्ये कोरा कागद सोडला की त्यावर हळूहळू माणसं उगवतात, हे बघून दुसरं कुणी दचकलं असतं. ती पाटावर बसली आणि एकेक ओला कागद हातात घेऊन बघू लागली. तांदूळ निवडताना बसते तशीच. मला काहीच आशा नव्हती. सगळे चेहरे माझ्या भीतीप्रमाणं एकाच राखाडी रंगाचे आले होते. बराच वेळ गेला. मग तिनं एक कागद मांडीवर ठेवला.

"ह्यो," ती म्हणाली.

मी विचारलं, कशावरून? चेहरा तर काहीच दिसत नाही.

"हुबा कसा ऱ्हायलाय बघ की."

काठी विसाव्याला टेकवलेली होती आणि एक पोरगा बुंध्याला मिठी घालून उभा होता. एका पायावर भार, दुसऱ्या पायाचा तळवा पहिल्याच्या नडगीला लावलेला. आंघोळीच्या पाण्यासाठी चुलीपुढं ताटकळताना सदा असाच उभा राहायचा. मी तिथं लागोपाठ तीन फोटो घेतले होते, आणि लेन्समधून त्याला बघून पुढं सरकलोही होतो. त्याच्या लगतचे दोन मी घाईनं छापले. पहिल्यात त्यानं मान वर केली होती. तो थेट लेन्सकडं, म्हणजे माझ्याकडं बघत होता. गुलालानं माखलेल्या तोंडावर दोन डोळे तेवढे उघडे. त्यानंतरच्या फोटोत सगळी माणसं जिथल्या तिथं होती आणि त्याची पाठ होती. खांद्यावरचा पंचा डोक्यावरून ओढलेला.

आण्णांनी आईच्या मांडीवरचा फोटो हातात घेतला आणि दार ढकलून उजेडात नेला. बाकीचे कागद वाया जातील याचं त्यांना किंवा मलाही भान राहिलं नाही. मी मागोमाग गेलो. ते विचारत होते, काठी कुठल्या गावची? मी बघितलं. कापडानं मढवलेला बुंधा होता, त्यावर सदाचे हात होते, आणि त्याच्या डोक्याच्या वर वीतभर अंतरावर फोटो संपत होता. निशाण नव्हतं, तुरा नव्हता, गावाची कसलीच खूण नव्हती. वाइड लेन्स असती तर शेंड्यापासून बुंध्यापर्यंत काठी आली असती, आणि सदाचा ठिपकासुद्धा झाला नसता. आता सदा आला होता आणि त्याचं गाव बाहेर राहिलं होतं. आण्णा फोटोच्या वरच्या कडेवर अंगठा फिरवत होते, कागद अजून थोडा वर असेल असं वाटून. मी त्यांना सांगितलं, आण्णा, तिथं काही नाही. ते म्हणाले, "आसंल की रं." आणि मग सायकलच्या दुकानाच्या पायरीवर बसून, भर दुपारी, येणाऱ्या-जाणाऱ्यांच्या समोर ते रडले.

आई आमच्या मागं दारात येऊन उभी होती. तिच्या हातात शेवटचा फोटो होता, पाठीचा. आता तीही कोसळणार असं मला वाटलं. तिनं मला फक्त एवढंच विचारलं, की पाठ फिरवायच्या आधी त्यानं तुला नक्की बघितलं का.

मी म्हटलं, बघितलं.

"मग झालं. आपुन हुडकतोय त्ये कळलं त्येला."

त्या साली ज्येष्ठाच्या तोंडाशी लग्नं सरली आणि दस्तगीरभाई घरी आले. माझी वाइड लेन्स त्यांनी रुमालात बांधून आणली होती. घे तुझी आणि दे माझी, म्हणाले. मी त्यांना टेलीची पुढची काच दाखवली, आत गुलाबी कण माळ धरून बसले होते. चालतंय म्हणाले. माझं तोंड बघवत नव्हतं त्यांना. मी नको म्हटलं. सदानं जिच्याकडं बघितलं ती लेन्स मला सोडवत नव्हती, पण ते तेव्हा त्यांना पटवता आलं नाही. पुढं आम्ही दोघांनी एकाच दुकानात धंदा केला, त्यांची वाइड आणि माझ्या हातात फ्लॅशचा दांडा, आणि तसंच बरं चाललं.

दुसऱ्या वर्षी दवणा आला तेव्हा मी आईला सांगितलं, की लेन्सचं आता मातेरं झालंय, तिच्यातनं फोटो येणार नाही, जाऊन उपयोग नाही. ती पोळ्या लाटत होती. लाटणं न थांबवता ती म्हणाली, "फोटू न्हाय आला तर न्हाय येऊ दे. तू हुबा ऱ्हा की तितं. त्येला दिसाय पायजेस."

सदा आला नाही. आण्णा वाट बघून गेले, मग आई गेली. पुजाऱ्यांच्या घरात आता नातवंडांचं राज्य आहे, पण गच्चीचा तो कोपरा यात्रेला माझ्यासाठी मोकळा ठेवतात. आजूबाजूची पोरं फोन उंच धरून उभी असतात. त्यातलं एखादं विचारतं, "आजोबा, ह्यात रोल हाय व्हय?" मी नाही म्हणतो. यंदाही जायचं आहे, गुडघे कुरकुरत असले तरी. त्या लेन्समधून आता गुलाबी धुक्यापलीकडं काही दिसत नाही. तरी ती डोळ्याला लावून मी गर्दीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहतो, खालून कुणी मान वर करून बघितलं तर मी नजरेतून सुटू नये म्हणून.